घरगुती वाहनातील तेल आणि वीज : वडवणी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१

पेट्रोलवर चालणाऱ्या घरगुती वाहनाची जागा विजेवर चालणारे वाहन पूर्णपणे घेऊ शकेल काय, हा प्रश्न सांप्रत सर्वत्र चर्चिला जातो. त्याचे उत्तर बहुधा यंत्रज्ञांकडे किंवा अर्थशास्त्रज्ञांकडे मागितले जाते. बॅटरी एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर नेते, ती किती वर्षे टिकते, तिची किंमत किती, ह्या मुद्द्यांभोवतीच चर्चा फिरत राहते. इतिहासाच्या अभ्यासकाला ह्या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु प्रश्नातील 'पूर्णपणे' हा शब्द इतिहासाच्या कक्षेतला आहे. एका साधनाची जागा दुसरे साधन केव्हा घेते, केव्हा अर्धवट घेते आणि जुने साधन घरातून अखेर केव्हा बाहेर पडते, ह्याचा पुरावा प्रयोगशाळेत सापडत नाही. तो घराच्या कोनाड्यात, विहिरीवरच्या खोपटात आणि गावच्या रस्त्यावर शोधावा लागतो.

ह्या शोधासाठी प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्यातील वडवणी हे ठिकाण घेतले आहे. बालाघाटचे डोंगर आणि गोदावरीखोऱ्याचा सखल प्रदेश ह्यांच्या मधल्या पट्ट्यात, बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे तालुक्याचे गाव वसले आहे. बीड येथून सुमारे चाळीस किलोमीटर, अंबाजोगाई साठ-सत्तर किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर दीडशे किलोमीटरांच्या पलीकडे, तर पुणे अडीचशेच्याही पलीकडे. कापूस, ज्वारी, बाजरी, सोयाबीन आणि जेथे पाणी आहे तेथे ऊस, असा शेतीचा क्रम. मोठ्या शहरांतील अनुभवावरून विजेच्या वाहनाविषयी जे सिद्धान्त मांडले जातात, ते अशा गावी कितपत टिकतात हे पाहणे उपयुक्त ठरेल. कारण भारतातील बहुसंख्य कुटुंबांची स्थिती मुंबई-पुण्यापेक्षा वडवणीशी अधिक जुळणारी आहे.

२

विजेची मोटार ही नवी वस्तू आहे, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरांची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटार विजेवर चालणारी होती; बेल्जियन चालक कामी जेनात्सी ह्याने ती फ्रान्समध्ये चालविली. १९०० साली अमेरिकेत ज्या सुमारे ४,२०० मोटारी तयार झाल्या त्यांत १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. विजेची गाडी आवाज करीत नसे, धूर सोडीत नसे आणि ती सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून दांडा फिरवावा लागत नसे. शहरातील संपन्न कुटुंबांना ती सोयीची वाटे.

तरी पुढील वीस वर्षांत ती मागे पडली. त्याची कारणे देताना १९०८ साली आलेल्या फोर्डच्या स्वस्त गाडीचा आणि १९१२ साली कॅडिलॅक गाडीला बसविलेल्या विद्युत-स्टार्टरचा उल्लेख नेहमी केला जातो. ही कारणे खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. पेट्रोल डब्यात भरून कोठेही नेता येत होते. पंप नव्हते त्या काळी ते डब्यांतूनच विकले जाई. खेड्यातल्या वाण्याच्या दुकानातही दोन डबे ठेवले की त्या गावापुरता मोटारीचा प्रश्न सुटे. वीज मात्र डब्यात भरता येत नाही. तिला उत्पादनकेंद्रापासून घरापर्यंत अखंड तार लागते. १९३५ सालीदेखील अमेरिकेतील दर दहा शेतकरी कुटुंबांपैकी जेमतेम एकाच्या घरी वीज पोहोचली होती. अशा देशात शहराबाहेर पडू इच्छिणाऱ्या कुटुंबाने कोणती गाडी घ्यावी, हे तारेच्या अभावानेच ठरवून टाकले होते.

ह्याच्या उलट, जेथे तार वाहनाच्या बरोबर चालली तेथे विजेचा विजय फार लवकर झाला. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली आणि १९०७ साली तिची जागा विजेच्या ट्रामने घेण्यास आरंभ झाला. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. त्याच मुंबईत पेट्रोलची बस १९२६ साली आली. म्हणजे सार्वजनिक वाहतुकीत वीज आधी आणि तेल नंतर, असा तेथील क्रम आहे. तेव्हा तेल जिंकले ते वीज दुबळी होती म्हणून, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. ज्या वाटेवर तार नव्हती त्या वाटेवर तेल जिंकले. पुढील विवेचनात डबा आणि तार हा भेद वारंवार येईल.

३

मराठवाड्यात खनिज तेल प्रथम आले ते वाहनासाठी नव्हे, दिव्यासाठी. 'रॉकेल' आणि 'घासलेट' हे शब्द खेड्यातल्या अशिक्षित माणसाच्याही तोंडी इतके रुळले की त्यांचे मूळ परके आहे ह्याचा विसर पडला. रेल्वे परळीपर्यंत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांच्या संधीवर पोहोचली. तेथून पुढे डोंगरातल्या गावांना माल नेण्याचे काम बैलगाडीकडे होते. तेलाचा डबा बैलगाडीतून जाऊ शकतो, ही गोष्ट साधी खरी, परंतु तिचे परिणाम दूरगामी झाले. रस्ता नाही, तार नाही, अशा गावातही तेल जाऊन पोहोचले.

मोटारवाहन ह्या भागाला परिचित झाले ते प्रामुख्याने सार्वजनिक बसच्या रूपाने. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्या आणि १६६ नोकर एवढ्या सामग्रीवर रस्तावाहतूक विभाग सुरू केला. सरकारने स्वतः चालविलेल्या बसवाहतुकीचा हा भारतातील अगदी आरंभीचा प्रयोग होय. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण आले आणि देशभर कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या बसगाड्या दिसू लागल्या. मागे भट्टी लावलेली ती गाडी घाट चढताना दम टाकी आणि उतारूंना उतरून चालावे लागे. युद्ध संपले, पेट्रोल पूर्ववत मिळू लागले आणि त्या भट्ट्या अल्पावधीत नाहीशा झाल्या. केवळ टंचाईच्या दडपणाखाली स्वीकारलेला पर्याय टंचाई ओसरताच सोडला जातो, हा धडा येथे घेण्यासारखा आहे. विजेच्या वाहनाला केवळ पेट्रोलच्या महागाईचा आधार असेल, तर तो आधार पुरेसा मानता येणार नाही.

१९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. रस्त्यांचे जाळे विणले गेले ते ह्यानंतर. त्यातही १९७२-७३ च्या दुष्काळातील कामांचा वाटा मोठा आहे. खडी फोडून आणि माती वाहून ज्या हातांनी हे रस्ते केले, त्यांच्याच पुढच्या पिढीने त्यांवरून स्वतःचे वाहन चालविले.

४

वाहनाकडे वळण्यापूर्वी तेल आणि वीज ह्यांच्यात ह्याच भागात ह्यापूर्वी घडलेले दोन सामने तपासले पाहिजेत. एक घरात झाला, दुसरा विहिरीवर. दोहोंत वीजच श्रेष्ठ होती, ह्याविषयी कोणालाही शंका नव्हती. तरीदेखील तेल दीर्घकाळ टिकून राहिले.

पहिला सामना दिव्याचा. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढील दोन-तीन दशकांत मराठवाड्यातील गावागावांत खांब उभे राहिले. बल्बचा उजेड चिमणीच्या उजेडापेक्षा शतपट चांगला, स्वच्छ आणि बिनधोक. तेव्हा बल्ब लागला त्या दिवशी कंदील माळ्यावर जावयास हवा होता. तसे झाले नाही. तो खुंटीला लटकत राहिला, त्याची काच दर आठवड्याला राखेने पुसली जात राहिली आणि रेशनच्या रॉकेलसाठी रांगा लागत राहिल्या. कारण 'लाइट गेली' हे रोजचे वाक्य होते. २०११ च्या जनगणनेतही महाराष्ट्रातील सुमारे ८४ टक्के कुटुंबांनी प्रकाशाचे मुख्य साधन म्हणून विजेची नोंद केली, आणि जवळजवळ सातातील एक कुटुंब रॉकेलवरच होते. ह्या आकड्यांत मुख्य साधनाचीच गणना आहे. घरात वीज असूनही जपून ठेवलेले कंदील त्यांत मोजलेले नाहीत. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत खेड्यांतील वीज दिवसाचे कित्येक तास बंद असे, तेव्हा त्याच कंदिलांनी मुलांचे अभ्यास करून घेतले. पुढे पुरवठा सुधारला, चार्ज करून ठेवता येणारे दिवे आले, आणि मग कोणी न सांगता कंदील नाहीसा झाला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, ह्या अवधीत बल्ब फारसा बदलला नव्हता. बदलला तो तारेवरचा विश्वास.

दुसरा सामना विहिरीवरचा. मोटेच्या जागी प्रथम तेलाचे इंजिन आले. साताऱ्याच्या कूपर कंपनीची आणि १९४६ साली पुण्यास स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची यंत्रे महाराष्ट्रभर विहिरींवर धडधडू लागली. त्यानंतर विजेचा पंप आला. तो स्वस्त, हलका आणि देखभालीस सोपा. खेड्यात 'मोटर' ह्या शब्दाचा पहिला अर्थ आजही वाहन नव्हे, तर हा पंप असा आहे. तरीही अनेक शेतकऱ्यांनी जुने इंजिन मोडीत घातले नाही. खोपटात गोणपाट टाकून ते जपून ठेवले. शेतीच्या वाहिनीवर वीज दिवसा ठरावीक तास किंवा रात्री ठरावीक तास, अशी पाळीपाळीने येई. त्यातही रोहित्र जळाले तर दुरुस्तीपर्यंत पीक थांबत नाही. ज्याचे कपाशीचे पीक एका पाण्यावाचून गेले, त्याला इंजिन का ठेवलेस, असे विचारण्याची गरज नाही.

ह्या दोन्ही सामन्यांवरून एक निष्कर्ष निघतो. नवे साधन रोजचे काम चटकन आपल्याकडे घेते. जुने साधन अडचणीच्या वेळेसाठी मागे राहते. ते अखेर जाते ते नवे साधन अधिक चांगले झाल्यामुळे नव्हे, तर अडचणीच्या वेळीही नव्या साधनावर भिस्त ठेवता येते अशी खात्री पटल्यामुळे. म्हणजे पूर्ण पर्याय होणे हा यंत्राचा गुण नसून त्यामागील पुरवठ्याचा गुण आहे.

५

आता घरगुती वाहनाचा विचार करू. वडवणीच्या बोलीत 'गाडी' म्हणजे पूर्वी बैलगाडी होती. आज ती मोटारसायकल आहे. हा अर्थबदल दोन पिढ्यांत झाला. मधल्या काळात सायकल होती. नंतर १९७२ साली पुण्याच्या दोन कंपन्यांकडून दोन वाहने बाहेर पडली : कायनेटिकची लूना आणि बजाजचा चेतक. पहिलीने शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाला ह्यांना सायकलच्या पुढे एक पाऊल टाकू दिले. दुसरा लग्नाच्या देण्याघेण्यात मानाची वस्तू ठरला. १९८५ नंतर कमी पेट्रोल पिणाऱ्या चार-स्ट्रोक मोटारसायकली आल्या आणि खेड्यातले घरगुती वाहन म्हणून त्यांनीच मैदान मारले. लूना आणि चेतक ही दोन्ही नावे पुढे बाजारातून गेली आणि विजेच्या वाहनांच्या रूपाने परत आली : चेतक २०२० साली, ई-लूना २०२४ साली. आजोबांनी पेट्रोलवर चालविलेल्या गाडीचे नाव नातू चार्जरला जोडतो आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील जवळजवळ निम्म्या कुटुंबांकडे दुचाकी होती, तर मोटार सुमारे आठ टक्के कुटुंबांकडेच होती. म्हणून आपल्याकडे 'घरगुती वाहन' ह्या संज्ञेचा विचार मोटारीपासून सुरू करणे हीच मुळात उसनी पद्धत आहे. नॉर्वेचे उदाहरण वारंवार दिले जाते. तेथे २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के पूर्णपणे विजेच्या होत्या. ही सिद्धी मोठी आहे. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रस्त्यावरील विजेच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींहून प्रथमच किंचित अधिक झाली, आणि त्या वेळी डिझेलच्या सुमारे दहा लाख मोटारी तेथे वापरात होत्याच. विक्रीतील बदल आणि वापरातील बदल ह्यांत अनेक वर्षांचे अंतर असते, हे त्यावरून दिसते. शिवाय संपन्न देशांत पुष्कळ कुटुंबांकडे दोन मोटारी असतात. रोजच्या कामाला विजेची आणि दूरच्या प्रवासाला तेलाची, अशी वाटणी त्यांना करता येते. ही वाटणी म्हणजे खुंटीवरच्या कंदिलाचेच श्रीमंत रूप होय.

वडवणीच्या कुटुंबाला ही सोय नाही. त्याच्याकडे एकच गाडी असते आणि तिला सर्व कामे करावी लागतात. सकाळी शेतात दूध आणि वैरण, दुपारी बाजारातून खताची गोणी, मुलीला बारावीच्या शिकवणीस नेणे-आणणे, तहसिलीतले हेलपाटे, पाहुण्याला एस.टी. स्टँडवर सोडणे, आणि मध्यरात्री पोटात कळ आली तर बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या रुग्णालयाकडे धाव. ह्या शेवटच्या कामाची वेळ वर्षातून एखादाच दिवस येते. परंतु गाडी कोणती घ्यावी हे तोच दिवस ठरवितो. एका गाडीच्या घरात 'नव्वद टक्के कामे होतात' ह्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही.

६

तथापि त्या नव्वद टक्क्यांचे मोल कमी लेखू नये. एक साधा हिशेब करून पाहू. दिवसाकाठी ३० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९,००० किलोमीटर होतात. लिटरला ५५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला त्यासाठी सुमारे १६५ लिटर पेट्रोल लागते; लिटरला १०० रुपये धरले तरी खर्च १६,००० रुपयांच्या वर जातो. विजेच्या स्कूटरला किलोमीटरमागे सुमारे ३० वॉट-तास लागतात. चार्जिंगमधील गळती धरून वर्षाला ३०० ते ३२० युनिटे होतील. युनिटाला नऊ रुपये धरले तर खर्च तीन हजारांच्या आत राहतो. फरक तेरा हजारांहून अधिक आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी एवढी रक्कम म्हणजे पेरणीच्या बियाण्याचा खर्च. ह्या फरकामागे भौतिक कारण आहे : पेट्रोलचे इंजिन इंधनातील ऊर्जेचा चतुर्थांश किंवा त्याच्या आसपासचाच भाग चाकापर्यंत पोहोचविते, तर विजेची मोटार बॅटरीतील ऊर्जेचा चार-पंचमांशाहून अधिक भाग वापरते.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. एक किलो बॅटरीत जेमतेम त्याचा पन्नासावा-साठावा भाग मावतो. कार्यक्षमतेतील फरक जमेस धरूनही वजनाच्या मानाने तेलच पुढे राहते, आणि म्हणूनच बाटलीभर पेट्रोल एका माणसाला वडवणीहून बीडपर्यंत पोहोचविते. खेड्यातल्या दुकानांतून बाटलीने मिळणारे पेट्रोल कायद्याच्या दृष्टीने योग्य नसेल. पण डब्याची जुनी शक्ती त्यात टिकून आहे. त्याखेरीज विजेच्या गाडीची खरेदीची किंमत सामान्यतः जास्त पडते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे गेला म्हणजे बॅटरीचे आयुष्य घटते. आणि मोटारसायकलीचे इंजिन खोलून बसविणारा मेस्त्री स्टँडवर सापडतो, तसा बॅटरीचा दोष ओळखणारा सापडत नाही. ग्रामीण भागात पुष्कळ गाड्या जुन्या घेतल्या जातात. इंजिनाचा आवाज ऐकून गाडीची पारख करणारा गिऱ्हाईक वापरलेल्या बॅटरीची पारख कशाने करणार? ह्या अडचणी काळाच्या ओघात दूर होण्याजोग्या आहेत, परंतु त्या आहेत.

मोटारीच्या बाबतीत २०२० साली पुण्याजवळच्या रांजणगाव कारखान्यातून आलेली नेक्सॉन ही विजेची गाडी उदाहरणादाखल घेता येईल. ३०.२ किलोवॉट-तासांच्या बॅटरीवर तिची प्रमाणित मजल ३१२ किलोमीटर होती. प्रत्यक्ष रस्त्यावर ती बरीच कमी भरे. वडवणीहून छत्रपती संभाजीनगर एका चार्जिंगमध्ये गाठता येते. पुण्यासाठी वाटेत थांबणे भाग पडते. दिवाळीला पुण्याहून गावी येणाऱ्या कुटुंबांना रस्त्यातील चार्जिंगच्या ठिकाणी ताटकळावे लागणार असेल, तर गाडीची निवड त्यावरून होईल. राज्य सरकारने २०१८, २०२१ आणि २०२५ साली विजेच्या वाहनांविषयी धोरणे जाहीर केली आणि करांत व पथकरांत सवलती दिल्या. तरी २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या दुचाकींत विजेच्या दुचाकी सुमारे सहा टक्के आणि मोटारींत विजेच्या मोटारी अडीच टक्क्यांच्या आसपासच होत्या.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एका वर्गाचा विचार केल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ह्या जिल्ह्यातून लाखांनी ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि चार-सहा महिने फडाजवळच्या कोप्यांत राहतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसाराबरोबर पुष्कळदा मोटारसायकलही चढते. कोपीत तार नाही. तेथे आजारी मूल दवाखान्यात न्यावयाचे तर आधार पेट्रोलचाच. अमेरिकन शेतकऱ्याने शतकापूर्वी जो निर्णय घेतला तोच निर्णय ह्या मजुराला घ्यावा लागतो, आणि तोही त्याच कारणासाठी. जोपर्यंत ह्या कुटुंबांच्या अर्ध्या वर्षाच्या वस्तीला तार जोडली जात नाही, तोपर्यंत पूर्ण पर्यायाची भाषा त्यांना लागू पडणार नाही.

७

अखेर प्रश्न तारेवर येऊन ठेपतो. वडवणीहून पूर्वेस परळी येथे १९७१ साली औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि त्याने ह्या भागाच्या आर्थिक जीवनाला वेगळे वळण दिले. परंतु कोळशाच्या केंद्राला कोळशाइतकेच पाणी लागते. २०१३ सालच्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे १,१३० मेगावॉट क्षमतेचे संपूर्ण केंद्र बंद ठेवावे लागले. राज्याचे जाळे एकमेकांत गुंफलेले असल्याने एका केंद्राच्या बंद पडण्याने घरे अंधारात जातातच असे नाही. तरीही ह्या घटनेचा अर्थ विसरता येत नाही. ज्या दुष्काळाने पीक जाते, जनावरे छावणीत जातात, त्याच दुष्काळात जवळचे वीजकेंद्रही थांबू शकते. वाहनाला वीज लावणे म्हणजे तेलाच्या परदेशी पुरवठ्यावरचे अवलंबन सोडून, काही अंशी आपल्याच पावसावर अवलंबून राहणे होय.

येथे सूर्याच्या विजेचे महत्त्व दिसते. मराठवाड्यात पाऊस कमी, ऊन भरपूर. आणि सौर पट्ट्यांना वाफेसाठी पाणी लागत नाही. २०१७ साली आरंभ झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. २०२४ पासून घरांच्या छपरांवरील सौरसंचांना केंद्र सरकारचे मोठे अनुदान मिळू लागले. ज्याच्या छपरावर दोन किलोवॉटचा संच आहे, त्याला वर्षाच्या ३२० युनिटांची चिंता करण्याचे कारण नाही. तेवढी वीज असा संच दीड-दोन महिन्यांत देतो. पेट्रोलच्या बाबतीत शेतकरी कधीच उत्पादक होऊ शकला नाही. वैरण मात्र बैलासाठी तो स्वतः पिकवीत असे. ह्या दृष्टीने विजेची गाडी मोटारसायकलीपेक्षा बैलगाडीच्या अधिक जवळची ठरते : तिचा चारा घरचा असू शकतो.

तसेच ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ घराच्या अंगणात शोधून चालणार नाही. महाराष्ट्रातील पहिली एस.टी. बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी 'शिवाई' ही एस.टी.ची विजेची बस सुरू झाली. अहिल्यानगरहून बीडपर्यंतची रेल्वे दीर्घ प्रतीक्षेनंतर १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली आणि तिचा पुढील मार्ग वडवणीवरून परळीकडे जाणारा आहे. दूरच्या प्रवासाला रेल्वे, मध्यम अंतराला वेळेवर येणारी बस आणि रात्रीअपरात्री हाकेसरशी येणारी रुग्णवाहिका एवढी व्यवस्था असेल, तर एका गाडीच्या घराला ती गाडी विजेची घेण्यात धोका राहत नाही. घरगुती गाडीवर आज जो भार पडतो तो पुष्कळसा सार्वजनिक व्यवस्थेच्या उणिवेचा भार आहे, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

८

सारांश असा. विजेचे वाहन पेट्रोलच्या वाहनाचे रोजचे काम घेऊ शकते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते वडवणीसारख्या गावी मुंबईपेक्षाही अधिक पटणारे आहे. कारण येथे घर स्वतःचे आहे, ओसरीवर गाडी लावता येते आणि रोजचे अंतर मोजके आहे. ते पूर्णपणे जागा घेईल काय, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र गाडीच्या कारखान्यात नाही. ते रोहित्र जळाल्यावर किती तासांत बदलले जाते, कोपीपर्यंत तार जाते की नाही, शेवटची एस.टी. वेळेवर येते की नाही, ह्यांवर ठरेल. तोवर सधन घरी दोन गाड्या दिसतील आणि एका गाडीचे घर पेट्रोलला धरून राहील. अशा घराला मागासलेले म्हणणे अन्यायाचे होईल. कंदील पुसून ठेवणाऱ्या त्याच्या आजीइतकाच विचार त्यानेही केलेला असतो.

कंदील गेला तो कोणी बंदी घातली म्हणून नव्हे, कोणी उपदेश केला म्हणूनही नव्हे. एके वर्षी असे ध्यानात आले की, कित्येक महिन्यांत तो लावण्याची वेळच आली नाही. पेट्रोलची गाडी घराघरांतून जाईल तर ती अशाच रीतीने जाईल. आणि ती वेळ जवळ आणावयाची असेल तर गाडीच्या किमतीवर सवलत देण्याइतकेच लक्ष तारेच्या शेवटच्या खांबाकडे पुरवावे लागेल.